गोठ्यातून सिनेटपर्यंत : डॉ. जॉन मेल्चर आणि आपल्याकडची अडलेली वाट

आपल्या संसदेत वकील आहेत, शेतकरी आहेत, माणसांचे डॉक्टरही बरेच आहेत. जनावरांचे डॉक्टर मात्र शोधावे लागतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातलं पशुधन ५३ कोटींच्या वर भरलं, त्यात गायी-म्हशींसारखी मोठी जनावरंच ३० कोटींच्या आसपास. एवढ्या जनावरांवर घरं चालतात, मुलांच्या फिया भरल्या जातात, पोरींची लग्नं होतात. तरी त्या जनावरांना हात लावून रोग ओळखणारा माणूस दिल्लीत कायदा लिहायला क्वचितच बसतो.

हा प्रश्न नागपूरकरांनी विचारायलाच हवा. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही आपल्याच शहरात. तिथून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडणारी मुलंमुली पशुधन विकास अधिकारी होतात, बँकेत लागतात, औषध कंपनीत जातात, काही परदेशी जातात. खासदारकी त्यांच्या डोळ्यांसमोर नसते. ती का नसते हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या एका ढोरांच्या डॉक्टरचं आयुष्य फार उपयोगी पडतं.

डॉ. जॉन मेल्चर यांचा जन्म १९२४ चा, आयोवा राज्यातल्या सू सिटीचा. कॉलेजात वर्षभर झालं नाही तोच दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेले, युरोपच्या आघाडीवर पायदळात लढले, जखमी झाले. परत आल्यावर आयोवा स्टेट विद्यापीठातून १९५० साली पशुवैद्यकाची पदवी घेतली आणि मोंटाना राज्यातल्या फोर्साइथ नावाच्या गावी दवाखाना थाटला. यलोस्टोन नदीच्या काठचं, रेल्वेमुळे वाढलेलं हे छोटं गाव. सभोवार मैलोन्‌मैल कुरणं, त्यात गुरांचे मोठे मळे, आणि एका मळ्यापासून दुसऱ्या मळ्यापर्यंत लांबच लांब रस्ता.

अशा मुलखात पशुवैद्याला जे ठाऊक असतं ते दुसऱ्या कुणालाच नसतं. अडलेली गाय सोडवायला तो मध्यरात्री पोहोचतो, त्या वेळी घरात काय चाललंय ते त्याला दिसतं. कुणाचं कर्ज थकलंय, कुणी चारा संपला म्हणून अर्धी गुरं विकली, कुणाची विहीर खाली गेली, हे त्याला सर्वेक्षणाशिवाय कळतं. आणि त्याच्याबद्दल लोकांचं मत भाषणावरून ठरत नाही. गाय वाचली की नाही, वाचणार नसेल तर त्याने तोंडावर खरं सांगितलं की नाही, यावरून ठरतं. आपल्याकडे काटोल-सावनेरच्या गावांत ज्या डॉक्टरने वीस वर्षं काढली आहेत त्याच्याविषयीही लोक असंच बोलतात.

फरक पुढे पडतो. मेल्चर १९५३ मध्ये फोर्साइथचे नगरसेवक झाले, १९५५ मध्ये नगराध्यक्ष, आणि हे सगळं दवाखाना चालवतच. दवाखाना त्यांचा स्वतःचा होता, सरकारचा नव्हता. त्यामुळे निवडणूक लढवायला कुणाची परवानगी लागली नाही, हरले तर पोटाची पंचाईत नव्हती. १९६० च्या दशकात ते राज्याच्या कनिष्ठ आणि वरिष्ठ अशा दोन्ही सभागृहांत जाऊन आले. १९६६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून देशाच्या प्रतिनिधिगृहाची निवडणूक लढवली आणि हरले. तीन वर्षांनी, त्यांना हरवून जिंकलेला खासदार न्यायाधीश म्हणून नेमला गेला, जागा रिकामी झाली, आणि जून १९६९ च्या पोटनिवडणुकीत मेल्चर निवडून आले. पदवीनंतर १९ वर्षांनी.

अमेरिकेची रचना इथे दोन वाक्यांत सांगायला हवी, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. तिथल्या प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य असतात, लोकसंख्येप्रमाणे वाटलेले, मुदत फक्त दोन वर्षं. सिनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याचे दोनच सदस्य, मुदत सहा वर्षं, आणि १९१३ पासून त्यांना लोक थेट निवडून देतात. म्हणजे विरळ वस्तीच्या मोंटानाला सिनेटमध्ये कॅलिफोर्नियाएवढंच वजन. आपल्या राज्यसभेत तसं नाही. उत्तर प्रदेशाचे ३१, महाराष्ट्राचे १९, लहान राज्यांचे एक-एक, आणि निवडून देणारे आमदार. त्यामुळे गुराढोरांच्या मुलखातला डॉक्टर तिथे लोकांच्या मतावर थेट वरिष्ठ सभागृहात पोहोचू शकतो. मेल्चर १९७६ मध्ये तसेच पोहोचले आणि बारा वर्षं तिथे होते.

आता त्यांच्या कामाकडे. पशुवैद्य संसदेत गेला म्हणजे तो लसीकरणावर बोलेल, दुधाच्या भावावर बोलेल, अशी आपली अपेक्षा असते. मेल्चर यांचं माझ्या मते सर्वांत मोठं काम कोळशावरचं आहे, आणि म्हणूनच ते विदर्भातल्या माणसाने वाचावं असं वाटतं.

फोर्साइथच्या दक्षिणेला कोलस्ट्रिप नावाचं गाव आहे. तिथे १९२४ पासून रेल्वेसाठी खुल्या खाणीतून कोळसा काढत, मध्ये ते बंद पडलं आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस विजेसाठी पुन्हा सुरू झालं. खुली खाण म्हणजे काय हे उमरेड, चंद्रपूर, वणीच्या लोकांना सांगायला नको. वरची माती आणि दगड उचलून बाजूला डोंगर रचायचा, खालचा कोळसा न्यायचा. चराऊ रान जातं, पाण्याच्या धारा तुटतात, विहिरी आटतात. मोंटानात त्यात आणखी एक गाठ होती. १९१६ च्या एका कायद्याने सरकारने पशुपालकांना कुरणाची जमीन दिली, पण जमिनीखालचं खनिज स्वतःकडे ठेवलं. म्हणजे वरचं गवत मळेवाल्याचं आणि खालचा कोळसा सरकारचा. सरकारने तो कंपनीला दिला की मळेवाल्याच्या गुरांखालची जमीनच निघून जाणार. या मळेवाल्यांच्या गोठ्यांत मेल्चर यांनी वीस वर्षं काम केलेलं होतं.

प्रतिनिधिगृहात असताना सार्वजनिक जमिनींच्या उपसमितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. खुल्या खाणींवर बंधन घालणाऱ्या विधेयकावर मो युडाल, पॅट्सी मिंक अशा सहकाऱ्यांबरोबर ते राबले. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ते विधेयक दोनदा अडवलं, १९७४ च्या अखेरीस आणि पुन्हा १९७५ मध्ये. शेवटी ३ ऑगस्ट १९७७ ला जिमी कार्टर यांची सही झाली. तोपर्यंत मेल्चर सिनेटमध्ये आले होते.

या कायद्यातली कलमं वाचली की त्यामागची नजर कळते. वरची सुपीक माती वेगळी जपून ठेवायची आणि काम संपल्यावर परत पसरायची. जमिनीचा उंचसखलपणा जवळपास पहिल्यासारखा करायचा. तिथे पुन्हा गवत-झाडं उगवतील अशी हमी म्हणून खाण सुरू होण्याआधीच पैसे तारण ठेवायचे, आणि जमीन सुधारली तरच ते परत मिळणार. जुन्या, टाकून दिलेल्या खाणी बुजवायला खुल्या खाणीतल्या दर टन कोळशामागे तेव्हा ३५ सेंट आणि भूमिगत खाणीतल्या दर टनामागे १५ सेंट कर. आणि वर शेतकऱ्याची जमीन असून खाली सरकारी कोळसा असेल, तर शेतकऱ्याची लेखी संमती. कुरण खरडलं की किती वर्षं त्यावर जनावर चरू शकत नाही हे ज्याने पाहिलंय, त्याच्यासाठी वरच्या फूटभर मातीचं कलम म्हणजे अख्ख्या कायद्याचा जीव.

आपल्याकडे वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय नागपुरातच आहे. कोळशाची जमीन प्रामुख्याने १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली घेतली जाते. त्यात मोबदला आहे, पण शेतकऱ्याच्या संमतीची अट नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या संमतीच्या तरतुदीतूनही कोळशाचा हा कायदा बाहेर ठेवला गेला. मोंटानाचं जसंच्या तसं इथे आणा असं मी म्हणत नाही, तिथली वस्ती विरळ आणि जमीनधारणा वेगळी. पण ज्या मतदारसंघांत खाणी आहेत तिथल्या गुराख्यांची बाजू मांडणारा, चराईचं गणित कळणारा एखादा माणूस त्या वेळी समितीत असता तर कलमं वेगळी लिहिली गेली असती, याबद्दल मला शंका नाही.

त्यांचं दुसरं काम थेट धंद्यातलं. १९८५ मध्ये अमेरिकेच्या प्राणिकल्याण कायद्यात मोठी सुधारणा झाली. प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना व्यायाम मिळाला पाहिजे, प्रयोग तपासायला प्रत्येक संस्थेत समिती हवी, त्या समितीत पशुवैद्य आणि संस्थेबाहेरचा एक माणूस हवा, असं त्यात आलं. माकडांबाबतची तरतूद मेल्चर यांच्या पुढाकाराने आली. नुसता पिंजरा, पाणी, खाणं पुरे नाही, माकडांचं मानसिक स्वास्थ्य राखलं जाईल अशी जागा द्यावी लागेल, असं कायद्याने सांगितलं. तेव्हा अनेक शास्त्रज्ञांना हे मोजायचं कसं असा प्रश्न पडला होता. पण एकटं कोंडलेलं माकड स्वतःचे केस उपटतं, गोल गोल फिरत राहतं, हे जनावरांत वावरणाऱ्याला दिसतं, आणि जे दिसतं ते कायद्यात मांडता येतं.

या बाबतीत आपण मात्र मागे नव्हतो. १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झालेल्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक मांडलं. नेहरूंनी सरकारतर्फे कायदा आणण्याचं आश्वासन दिलं आणि १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी समिती त्याच कायद्यातून आली, आणि संस्थांच्या प्रयोग-समित्यांत पशुवैद्य आजही बसतो. तो कायदा एका नृत्यांगनेमुळे झाला, म्हणजे जनावरांसाठी पदवीच लागते असंही नाही.

मेल्चर यांची १९८२ ची निवडणूक अमेरिकेत अजून आठवली जाते. बाहेरच्या राज्यातल्या एका प्रचारगटाने त्यांच्याविरुद्ध पैसा ओतून जाहिराती केल्या. उत्तर म्हणून त्यांनी दूरचित्रवाणीवर गायी आणल्या. त्या आपसात बोलतात की शहरातून आलेले हे लोक आपल्या डॉक्टरबद्दल भलतंसलतं सांगत फिरतायत. मोंटानात लोक त्यांना ‘डॉक’ म्हणत, आणि ती जाहिरात तिथल्या माणसाला बरोबर लागली. ते निवडून आले. १९८८ मध्ये मात्र कॉनराड बर्न्स यांच्याकडून थोडक्यात हरले. बर्न्स गुरांच्या लिलावात बोली पुकारणारे आणि रेडिओवर शेतीच्या बातम्या सांगणारे. गावोगावच्या पशुपालकांशी त्यांचीही जुनी ओळख होती. त्यातच मोंटानातल्या जंगलांबाबतचं एक विधेयक, ज्यावर मेल्चर यांची भिस्त होती, ते राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी निवडणुकीच्या तोंडावर अडवलं. १९९४ मध्ये त्यांनी परत येण्याचा प्रयत्न केला, पण पक्षाच्या उमेदवारीतच मागे पडले. २०१८ मध्ये ९३ व्या वर्षी ते गेले.

पशुवैद्य म्हणजे अमुक पक्षाचा, असं काही नसतं हेही लक्षात घ्यावं. कोलोरॅडोचे वेन अॅलार्ड १९६८ चे पशुवैद्य, लव्हलंड गावी दवाखाना, आणि पक्ष रिपब्लिकन. सहा वर्षं प्रतिनिधिगृहात, मग १९९७ ते २००९ सिनेटमध्ये. दोनच मुदती राहीन असा शब्द दिला होता आणि तो पाळला.

आपल्याकडचं अलीकडचं ठळक नाव डॉ. संजीव बालियान. मुझफ्फरनगर जिल्ह्यातले, हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठात शिकलेले, पशुशरीररचनाशास्त्रात पीएच.डी. २०१४ मध्ये भाजपकडून ते चार लाखांहून अधिक मतांनी लोकसभेवर गेले. २०१९ मध्ये अजित सिंह यांच्याविरुद्धचा फरक साडेसहा हजारांच्या घरात आला. २०२४ मध्ये समाजवादी पक्षाच्या हरेंद्र मलिक यांनी त्यांना हरवलं. या चढउतारांत त्यांच्या पदवीचा वाटा कमीच. २०१३ च्या दंगलीनंतरचं तापलेलं वातावरण, जातींची जुळवाजुळव आणि पक्षाची लाट यांनी निकाल ठरवले. पण २०१९ मध्ये मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय असं स्वतंत्र मंत्रालय झालं तेव्हा त्याचं राज्यमंत्रिपद त्यांना मिळालं आणि ते २०२४ पर्यंत राहिलं. अशा खात्यात त्या विषयाचा पीएच.डी. असणं आपल्याकडे विरळच.

त्या मंत्रालयाच्या हातात काय असतं हा सगळ्यात गोंधळाचा भाग. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. जनावरांचं संवर्धन, रोगप्रतिबंध, पशुवैद्यकीय शिक्षण आणि व्यवसाय हे राज्यसूचीत येतं, नोंद १५. म्हणजे नागपूर जिल्ह्यातल्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर नाही, याचा जाब मुंबईला विचारायचा, दिल्लीला नाही. पण संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्यात पसरू न देणं समवर्ती सूचीत आहे, नोंद २९. प्राण्यांचा छळ रोखणंही समवर्ती, नोंद १७. समवर्ती म्हणजे दोघांनाही कायदा करता येतो.

हे कागदी वाटतं, पण मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याची जनावरं आपल्या बाजारात येतात आणि आपली तिकडे जातात हे आठवलं की त्याचा अर्थ लागतो. लाळ्या-खुरकूत राज्याची सीमा पाहत नाही. एका राज्याने नेटाने लस टोचली आणि शेजारच्याने नाही टोचली, तर दोघांचेही पैसे गेले. म्हणून २००९ मध्ये केंद्राने जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा कायदा केला, आणि २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत व ब्रुसेल्लोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, यांच्यासाठी पाच वर्षांचा १३,३४३ कोटींचा कार्यक्रम पूर्ण केंद्राच्या पैशातून सुरू केला. आधी खर्चाचा वाटा राज्यांनाही उचलावा लागे. ब्रुसेल्लोसिस माणसालाही होतो, आणि गाभ काढताना हात घालणाऱ्या डॉक्टरला सगळ्यात आधी. त्याची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-वगारींना द्यायची असते. हे वय चुकलं तर खर्च वाया जातो. योजनेची अंमलबजावणी तपासताना नेमका हा प्रश्न विचारणारा खासदार हवा असतो.

राज्यांनी आणि केंद्राने एकत्र हात लावला की काय होतं त्याचं उदाहरण बुळकांडी. शतकानुशतकं गावंच्या गावं बैलांविना करणारा हा रोग. भारत त्यातून मुक्त असल्याची मान्यता २००६ मध्ये मिळाली आणि २०११ मध्ये तो जगातून संपल्याचं जाहीर झालं. उलट २०२२ मध्ये लम्पी या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाची मोठी साथ आली तेव्हा आपल्याकडे त्याची स्वतःची लस बाजारात नव्हती, शेळ्यांच्या देवीची लस वापरून निभवावं लागलं. हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांची लम्पीची लस त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जाहीर झाली.

साधा खासदार, मंत्री नसलेला, यात काय करू शकतो? खासगी विधेयक आणता येतं, पण स्वातंत्र्यापासून अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. खरी जागा संसदेच्या स्थायी समितीची. शेती आणि पशुसंवर्धनासाठी लोकसभेच्या २१ आणि राज्यसभेच्या १० सदस्यांची समिती असते. खात्याच्या सचिवाला समोर बसवून पैसा कुठे गेला, लसीची शीतसाखळी कुठे तुटली, फिरत्या दवाखान्याच्या गाड्या उभ्या का आहेत हे तिथे विचारता येतं. दारं बंद असतात, कॅमेरा नसतो, म्हणून विषय येणाऱ्याचं वजन पडतं.

मग आपले डॉक्टर तिथे का पोहोचत नाहीत? माझ्या मते मुख्य कारण नोकरी. खेड्यातली पशुवैद्यकीय सेवा आपल्याकडे बहुतांश सरकार आणि जिल्हा परिषद देते. ज्याची गावाशी सगळ्यात घट्ट ओळख, तो सरकारी नोकर. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे त्याला राजकीय पक्षाचं काम करता येत नाही. राज्यघटनेच्या कलम १०२ प्रमाणे सरकारी लाभाच्या पदावर असताना खासदार होता येत नाही. अर्जाच्या छाननीच्या दिवशी राजीनामा मंजूर झालेला असावा लागतो. म्हणजे घरचा पगार आधी सोडायचा आणि मग लोकसभेसाठी २५ हजारांची अनामत आणि प्रचाराचा खर्च उभा करायचा. मोठ्या राज्यांत एका उमेदवाराला ९५ लाखांपर्यंत खर्चाची मुभा आहे, त्यावरून कल्पना यावी. नियम योग्यच आहे. सरकारी डॉक्टरने औषध देताना पक्ष पाहू नये यासाठी तो हवा. पण मेल्चर यांनी जे केलं, म्हणजे दवाखाना चालवत नगरसेवक, मग नगराध्यक्ष, मग आमदार अशी एकेक पायरी चढणं, ते त्यामुळे आपल्या डॉक्टरला अशक्य होतं. आमच्याकडे तो थेट उडी मारतो, नाहीतर निवृत्तीनंतर येतो, तेव्हा दिल्लीपर्यंतची वर्षं उरत नाहीत.

खासगी व्यवसाय करणाऱ्याला यातली कुठलीच आडकाठी नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली नोंदणी असली की त्याला स्वतःचा दवाखाना चालवता येतो, आणि तो लाभाचं पद धरत नाही. शहरात कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यांमुळे असे डॉक्टर वाढलेत. दुधाचा धंदा जिथे वाढतोय त्या तालुक्यांतही पैसे देऊन डॉक्टर बोलावणारे शेतकरी दिसू लागले आहेत. जिल्हा परिषदेत पशुसंवर्धन आणि दुग्धविकासाची वेगळी विषय समिती असते. दवाखान्याची इमारत, औषधांची खरेदी, कृत्रिम रेतनाची सोय यांचे निर्णय तिथून जातात. सदस्य व्हायला वय २१ पुरे. विधानसभा आणि लोकसभेला २५ लागतं, राज्यसभेला ३०. सेमिनरी हिल्सवरून पदवी घेऊन बाहेर पडणारी मुलं त्या वेळी साधारण तेवीस-चोवीस वर्षांची असतात.